गिअरची पेटी आणि घाटाची उतरण

पुण्याहून दक्षिणेस निघालेला मोटारवाला कात्रज ओलांडून खेड-शिवापूर मागें टाकतो, तों नसरापूरजवळ एक फांटा उजवीकडे वेल्ह्यास जातो आणि त्यापुढें कापूरहोळापाशीं दुसरा फांटा भोरास वळतो. दोन्ही रस्त्यांचा रोख सह्याद्रीच्या कण्याकडे आहे. वेल्ह्याचा रस्ता तोरण्याच्या पायथ्याशीं पोहोंचतो. तेथून पाब्याच्या खिंडींतून सिंहगडाच्या बाजूस उतरतां येतें, अथवा केळदच्या दिशेनें मढे घाटाच्या तोंडापर्यंत जातां येतें. भोराचा रस्ता नीरा-देवघरच्या जलाशयाच्या कडेकडेनें वरंध घाटाच्या माथ्यावर चढतो आणि वाघजाईच्या देवळाजवळून, कावळ्या किल्ल्याचा डोंगर कापीत, महाडच्या अंगास कोंकणांत उतरतो. भोर तालुका, आणि ज्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय २०२४ सालीं झाला तो वेल्हें तालुका, या दोहोंच्या पश्चिम भागांत एका गिअरवर गाडी निवांतपणें हांकण्याचा योग फार थोडा.

अशा मुलुखांत वापरावयाच्या मोटारीची हातगिअरची पेटी काढून तेथें आपोआप गिअर बदलणारी पेटी बसवावी कीं न बसवावी, हा प्रश्न वरवर पाहतां मेस्त्रीचा आहे. परंतु गिअर ही वस्तु मुळांत चढउतारापायींच जन्मास आली, आणि ती माणसाच्या हातांतून यंत्राच्या हातीं कशी गेली, याचा इतिहास ठाऊक असल्यावांचून या प्रश्नाचा निकाल नीट लागत नाहीं.

मोटार येण्यापूर्वीं घाटांचें काम बैलांकडे होतें. कोंकणचें मीठ वर येई, देशावरचें धान्य खालीं जाई, तें बहुतेक बैलांच्या पाठीवरून. चाकाची गाडी घाटांतून नेणें ही पुष्कळ उशीरां साधलेली गोष्ट आहे. मुंबई-पुणें मार्गावरील बोरघाटांत गाड्या जाण्याजोगा रस्ता १८३० सालीं, सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असतांना, खुला झाला. येथें एक खुलासा केलेला बरा. जुन्या इंग्रजी पुस्तकांतून या घाटाचें नांव पुष्कळदां 'भोर घाट' असें छापलेलें आढळतें, आणि त्यामुळें चांगल्या वाचकांचीहि अशी समजूत होते कीं हा घाट भोर गांवाजवळचा. वस्तुतः तो खंडाळ्याचा. पंत सचिवांची राजधानी जें नीरेकांठचें भोर, तें तेथून पुष्कळ दूर. याच बोरघाटांतून १८६३ सालीं आगगाडी वर चढली, तेव्हां सदतीस फुटांस एक फूट इतका खडा चढ ठेवावा लागला होता. गाडीवान चढावर दुसरी बैलजोडी जुंपीत. आगगाडीवाल्यांनीं जादा इंजिन जोडलें. युक्ति तीच.

बैल आणि पेट्रोलचें इंजिन यांत मात्र एक मूलभूत भेद आहे. बैल थांबलेल्या गाडीस जोर लावूं शकतो. चाक रुतलेलें असतां तो चारी पाय रोवून जागच्या जागीं सर्वांत अधिक ओढ देतो, आणि गाडी चालूं लागली म्हणजे ओढ सैल करतो. इंजिनाचें उलट आहे. तें थांबलें असतां त्याच्या अंगीं काडीचीहि ताकद नसते. मिनिटास कित्येक शें फेरे घेऊं लागलें म्हणजेच तें कामाचें. चढ आला, चाकें मंदावलीं, कीं त्यांस बांधलेलें इंजिनहि मंदावतें आणि नेमक्या गरजेच्या वेळीं बंद पडतें. म्हणून इंजिन आणि चाकें यांच्या दरम्यान लहानमोठ्या दंतचक्रांची अशी योजना लागते कीं इंजिनाचे तीन-चार फेरे झाले तरी पुढचा दांडा एकच फेरा घेईल. वेग घटतो आणि घर्षणांत जाईल तेवढें सोडल्यास ओढ त्याच पटीनें वाढते. गिअर म्हणजे एवढेंच. बाकी सारा प्रपंच हीं चक्रें केव्हां व कोणी बदलावयाचीं याविषयींचा आहे.

ही अडचण जगाच्या नजरेस प्रथम आणून दिली ती एका स्त्रीनें. कार्ल बेंझ यांनीं १८८६ सालीं पेटंट घेतलेल्या तीनचाकी मोटारीस एकच वेग होता. ऑगस्ट १८८८ मध्यें त्यांची पत्नी बर्था, नवऱ्यास न सांगतां, ऑयगेन व रिखार्ड या दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्झहाइमास आपल्या आईकडे मोटारीनें गेली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक. सपाटीवर ठीक चाललें. टेकड्या लागल्या तेव्हां खालीं उतरून गाडी ढकलावी लागली. आणि उतारांवर वेगळीच पंचाईत झाली. ब्रेकचे लांकडी ठोकळे झिजूं लागले, तेव्हां या बाईनें वाटेंतील एका चांभाराकडून त्यांवर कातडें ठोकून घेतलें. परत आल्यावर तिनें सांगितलेल्या हकीकतीवरून बेंझ यांनीं चढासाठीं एक खालचा गिअर जोडला, असें सांगतात. मोटारीच्या पहिल्या दूरच्या प्रवासांतच असे दोन धडे मिळाले. चढानें गिअर दिला आणि उतारानें ब्रेकचें अस्तर दिलें. पुढील सव्वाशें वर्षांत यांपैकीं पहिल्या धड्याकडे जितकें लक्ष गेलें तितकें दुसऱ्याकडे गेलें नाहीं, असें म्हणावयास हरकत नाहीं.

१८९० नंतरच्या दशकांत फ्रान्समधील पानार व लेव्हासोर यांच्या कारखान्यानें दांड्यावर सरकणाऱ्या दंतचक्रांची पेटी प्रचारांत आणली. हातानें दांडी ओढावी, एक चक्र सरकून दुसऱ्याच्या दांत्यांत शिरावें, अशी ती रचना. दोन्ही चक्रें निरनिराळ्या वेगांनीं फिरत असलीं म्हणजे दांत्यांवर दांते आपटत आणि असा करकराट होई कीं रस्त्यावरचीं माणसें वळून पाहत. या पेटीपायीं डाव्या पायास क्लच आला. क्लच दाबून इंजिन क्षणभर चाकांपासून तोडावें, चक्र सरकवावें, पुन्हा जोडावें. जड गाड्यांवर तेवढ्यानेंहि भागत नसे. क्लच दाबून गिअर मोकळा करावयाचा, क्लच सोडून इंजिनाचे फेरे वाढवावयाचे, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकावयाचा, अशी ती दुहेरी क्रिया. आमचे जुने ड्रायव्हर हिला 'डबल क्लच' म्हणत, आणि ती कानानें साधावयाची विद्या होती. घड्याळ किंवा कांटा पाहून ती येत नसे. घाटांत ती चुकली म्हणजे गाडी ना खालच्या गिअरवर ना वरच्या, आणि मग क्लीनरनें दगड घेऊन चाकामागें उडी मारावयाची.

साऱ्याच मोटारी या वाटेनें गेल्या नाहींत. अमेरिकेंत १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीस हातगिअरची दांडी नव्हती. पायांखालच्या तीन पट्ट्यांनीं तिचे पुढचे दोन वेग, मागचा वेग आणि ब्रेक सांभाळावयाचे. अशा गाड्या १९२७ पर्यंत दीड कोटी झाल्या. त्यांच्या उलट वेगाची ओढ सर्वांत अधिक असे आणि पेट्रोल टांकींतून नुसतें वजनानें उतरत असे. म्हणून फारच उभा चढ आला कीं लोक गाडी वळवून पाठमोरी चढवीत. वरंधच्या एखाद्या वळणावर हा प्रकार कोणीं केला असता तर समोरून येणाऱ्याची काय अवस्था झाली असती, याची कल्पनाच केलेली बरी.

दांत्यांचा करकराट थांबविण्याची युक्ति अमेरिकेंतील अर्ल थॉम्प्सन या इंजिनियरानें काढली आणि १९२८ सालीं ती कॅडिलॅक गाडींत आली. चक्रें एकमेकांत शिरण्यापूर्वीं लहानशा शंकूंच्या घर्षणानें त्यांचे वेग सारखे करावयाचे, अशी ती योजना. तिला सिंक्रोमेश म्हणतात. गंमत अशी कीं ज्या माणसानें हातगिअर इतका सोपा केला, त्याच्याच नेतृत्वाखालीं हातगिअर अजीबात नाहींसा करणारी पेटीहि तयार झाली. तिचें नांव हायड्रामॅटिक. १९४० च्या नमुन्याच्या ओल्डस्मोबील गाड्यांत ती १९३९ सालीं बाजारांत आली. मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली ही पहिली पूर्ण स्वयंचलित पेटी होय.

हिच्यांत क्लचच्या जागीं तेल आलें. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवून एकास वीज दिली तर त्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो. वाऱ्याच्या ऐवजीं दाट तेल आणि पंख्यांच्या ऐवजीं पात्यांचीं दोन चाकें कल्पावीं म्हणजे झालें. गाडी उभी असतां इंजिन फिरत राहतें, तेल नुसतें घुसळलें जातें; इंजिनास जोर दिला कीं तेंच तेल समोरच्या चाकास ओढून नेतें. या कल्पनेचें मूळ जहाजांत आहे. हर्मान फॉटिंगर या जर्मन इंजिनियरानें १९०५ सालीं जहाजांसाठीं या जातीच्या यंत्राचें पेटंट घेतलें होतें. त्यानें दोन चाकांमध्यें तिसरें, स्थिर पात्यांचें चाक घालून ओढ वाढविण्याचीहि सोय केली. ही सोय असलेली पेटी ब्यूक गाडींत १९४८ सालीं आली. त्याच सालीं भोर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि त्याच सालच्या जूनच्या पहिल्या तारखेस पुणें व त्या वेळचें अहमदनगर यांच्या दरम्यान सरकारी एस्. टी. ची पहिली बस धांवली. अमेरिकेंत डाव्या पायास सुट्टी मिळत असतां आमच्या बसच्या ड्रायव्हरचा डावा पाय कामावर रुजू होत होता!

स्वयंचलित पेटीस केवळ आळशी श्रीमंतांची हौस म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांनीं दुसऱ्या महायुद्धाकडे पाहावें. या युद्धांत अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत कॅडिलॅकचीं इंजिनें आणि हायड्रामॅटिक पेट्या बसविल्या गेल्या. युद्ध संपलें, आणि हजारों तरुण पाय गमावून घरीं आले. क्लच दाबावयास डावा पाय नाहीं, म्हणून गाडी नाहीं. गाडी नाहीं, म्हणून दूरची नोकरी नाहीं. १९४६ च्या ऑगस्टांत अमेरिकेच्या सरकारनें कायदा करून, युद्धांत पाय गमावलेल्या सैनिकास मोटार घेण्याकरितां सोळाशें डॉलरपर्यंत रक्कम देऊं केली. त्या सैनिकांना ज्या गाड्या उपयोगीं पडल्या त्या क्लचविना चालणाऱ्या. आपल्या पुण्यासहि त्याच युद्धानें १९४४ सालीं कृत्रिम अवयव केंद्र दिलें. तेथें पाय बसवून चालावयास शिकविलें जाई. परंतु त्या पायानें घाटांत शेंकडों वेळां क्लच दाबणें ही निराळी गोष्ट. कृत्रिम पायास पट्टीचा दाब कळत नाहीं. ती किती खालीं गेली तेंहि कळत नाहीं. अशा माणसाच्या बाबतींत हातगिअर काढून स्वयंचलित पेटी घालणें याचा अर्थ हौस असा होत नाहीं. तो घराबाहेर पडण्याचा मार्ग आहे.

हिंदुस्थानांत ही पेटी यावयास पुष्कळ काळ लागला, आणि त्याचीं कारणें शोधावयास दूर जावें लागत नाहीं. मोटारी बनविणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या फियाट गाडीसाठीं लोक वर्षानुवर्षें नंबर लावून बसत. मिळाली तीच गाडी चांगली, तेथें गिअर कसा हवा म्हणून विचारतो कोण? जुन्या स्वयंचलित पेट्या पेट्रोलहि अधिक पीत, कारण घुसळलेल्या तेलांत बराच जोर उष्णतेच्या रूपानें वायां जाई. शिवाय ज्याच्याकडे गाडी त्याच्याकडे बहुधा ड्रायव्हरहि असे. डावा पाय मालकाचा दुखत नव्हता. डोंगरी गांवांच्या वांट्यास आली ती जीप. महिंद्रांनीं १९४९ पासून मुंबईंत तिची जुळणी चालविली. जीपला नेहमींच्या गिअरच्या जोडीस आणखी एक दांडी असते, ती ओढली म्हणजे साऱ्या गिअरांची ओढ वाढते आणि चारी चाकें जोर घेतात. पुढें तिच्याच जातीच्या गाड्या वडापाच्या धंद्यांत शिरल्या. दहाबारा माणसें, दोन बकऱ्या आणि टपावर भाताचीं पोतीं घेऊन खिंड चढणाऱ्या वडापवाल्यानें पहिला गिअर कोठें टाकावयाचा हें वाटेंतल्या झाडांवरून ठरविलेलें असे.

सामान्य महाराष्ट्रीय कुटुंबास विनागिअर वाहनाची ओळख झाली ती मोटारींतून नव्हे, दुचाकींतून. कायनेटिक इंजिनियरिंगची ल्युना १९७२ सालीं निघाली. तिला गिअर बदलण्याची कटकटच नव्हती. वेग वाढला कीं आंतील वजनें बाहेर फेंकलीं जाऊन क्लच आपोआप धरी. १९८४ सालीं होंडा कंपनीच्या सहकार्यानें कायनेटिक होंडा ही स्कूटर आली. हिच्यांत दंतचक्रांच्या जागीं पट्टा व सरकत्या कप्प्या होत्या, जसा वेग तसा कप्पीचा घेर आपोआप लहानमोठा होई. हॉलंडमध्यें डाफ कंपनीनें १९५८ सालीं मोटारींत आणलेली हीच युक्ति. पुण्यांतील शिक्षिका, परिचारिका, बँकेंतील स्त्रिया या गाड्यांवरून कामास जाऊं लागल्या, हा सामाजिक इतिहास वेगळा सांगण्याजोगा आहे. कायद्यानेंहि या भेदाची दखल घेतली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत दुचाकीच्या परवान्याचे 'गिअर असलेली' व 'गिअर नसलेली' असे दोन निराळे वर्ग आहेत.

मोटारींत खरी फूट पडली ती २०१४ सालीं. मारुती कंपनीनें त्या वर्षीं सेलेरिओ गाडींत जी पेटी दिली ती खरें पाहतां हातगिअरचीच होती. दंतचक्रें तींच, क्लचहि तोच. फक्त क्लच दाबणारा पाय आणि दांडी सरकविणारा हात यांच्या जागीं तेलाच्या दाबानें चालणारे यांत्रिक हात आणि त्यांस हुकूम देणारा विजेचा मेंदू. तेल घुसळणें नाहीं, म्हणून पेट्रोलचा नाशहि नाहीं. किंमत आटोक्यांत आल्यामुळें मध्यम स्थितींतील घरांत पहिल्यानें स्वयंचलित मोटार शिरली. तिला खोड एकच. उभ्या चढावर ब्रेक सोडून जोर देईपर्यंतच्या क्षणांत, मागें न घसरूं देण्याची निराळी सोय नसेल तर, अशी गाडी मागें सरकूं पाहते. तेलाच्या पेटीची गाडी बहुधा जागीं धरून राहते.

आतां मूळ प्रश्न. घरांत असलेल्या जुन्या मोटारीची हातगिअरची पेटी काढून स्वयंचलित बसवितां येईल काय? येईल, पण पेटीस पेटी बदलली असा हा सौदा नव्हे. इंजिनामागचें जड फ्लायव्हील काढून त्या जागीं पातळ तबकडी व तेलाचें चाक घालावें लागतें. नवी पेटी बहुधा लांब व जड. तिच्यासाठीं आधाराचे पट्टे बदलावे लागतात, मागच्या चाकांवर चालणारी गाडी असल्यास मधला लांब दांडा कापून मापाचा करावा लागतो आणि पुढच्या चाकांवर चालणारी असल्यास दोन्ही बाजूंचे दांडे नवे घ्यावे लागतात. पेटींतील तेल तापतें, तें थंड करावयास रेडिएटरपर्यंत नळ्या न्याव्या लागतात. क्लचची पट्टी काढून ब्रेकची पट्टी रुंद करावयाची. गाडी गिअरमध्यें असतां इंजिन सुरूच होऊं नये म्हणून एक कळ लागते. ती विसरली तर सकाळीं किल्ली फिरवतांच गाडी पडवींत शिरण्याचें भय. अलीकडच्या गाड्यांत तर इंजिनाचा विजेचा मेंदू व पेटीचा विजेचा मेंदू यांचें जमलें पाहिजे. म्हणून जाणते मेस्त्री त्याच नमुन्याची स्वयंचलित गाडी मोडीत मिळाली तरच हें काम अंगावर घेतात, आणि खर्चाचा हिशेब केला तर पुष्कळदां हातगिअरची गाडी विकून स्वयंचलित गाडी घेणें स्वस्त पडतें.

कायद्याचेंहि बंधन आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा बदल वाहनांत करतां येत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा अर्थ कडकपणेंच लावला. त्याच वर्षीं कायद्यांत दुरुस्ती होऊन दिव्यांग व्यक्तीकरितां बदल केलेल्या वाहनास स्वतंत्र व्याख्या मिळाली. ज्यास डाव्या पायापायीं खरोखर गरज आहे त्याच्याकरितां दार उघडें आहे; त्यानें प्रथम प्रादेशिक परिवहन कार्यालयाची आणि विमा कंपनीची संमति घ्यावी, मग मेस्त्रीकडे जावें. उलटा क्रम ठेवणाऱ्यांची फजिती होते.

परंतु कायदा व खर्च यांहून महत्त्वाची गोष्ट उतरणीची आहे. जुन्या स्वयंचलित पेटीचा निर्णय दोन दाबांच्या तोलावर चाले: एक गाडीच्या वेगाचा, दुसरा पायाखालच्या ॲक्सिलरेटरचा. वेग अधिक आणि पायाचा जोर कमी असला कीं तिची समजूत होई, गाडी सपाटीवर सुखानें चालली आहे. आणि ती वरचा गिअर टाकी. घाट उतरणाऱ्या गाडीची स्थिति नेमकी हीच असते! पाय उचललेला, आणि डोंगर गाडीला खालीं ओढतो आहे. ड्रायव्हर शहाणा असेल तर तेथें दुसऱ्या गिअरवर राहील. पेटी मात्र तिसरा टाकील, चौथा टाकील. चढावर जिची हुशारी कौतुकास्पद ठरली तीच पेटी उतारावर अशी आंधळी.

याचा परिणाम आंकड्यांत सांगितल्यास नीट ध्यानांत येईल. माणसांसह एक हजार किलो वजनाची मोटार वरंधच्या माथ्यावरून दोन हजार फूट खालीं उतरली, तर तिच्या उंचीची जी शक्ति खर्चीं पडते ती सुमारें अठरा लिटर थंड पाण्यास उकळी आणण्याइतकी असते. हवेचा व चाकांचा विरोध वजा जातां ही सारी उष्णता कोणी तरी पोटांत घेतली पाहिजे. खालचा गिअर असेल तर इंजिन स्वतःच्या फेऱ्यांत ती पुष्कळशी गिळतें. वरचा गिअर असेल, किंवा पेट्रोल वांचविण्यासाठीं कोणी गाडी न्यूट्रलमध्यें सोडली असेल, तर ती सारी चार ब्रेकांवर येते. ब्रेक तापतात, अस्तराची पकड सुटते, ब्रेकच्या तेलांत उकळी फुटली तर पायाखालची पट्टी जमिनीस टेकते आणि गाडी थांबत नाहीं. जळक्या अस्तराचा वास घाटाच्या पायथ्याशीं राहणाऱ्यांना ओळखीचा आहे.

पेट्या बनविणाऱ्यांना हें प्रथमपासून ठाऊक होतें. म्हणून हायड्रामॅटिकच्या दांडीवरहि खालच्या वेगाची एक खूण ठेवलेली होती, आणि आजच्या पेट्यांवर 'एल', 'दोन' किंवा हातानें अधिक-उणें करण्याची खूण असते. नव्या कांहीं गाड्यांत उतार ओळखून खालचा गिअर धरून ठेवण्याची अक्कलहि आली आहे. तरी शहरांत शिकलेला स्वयंचलित गाडीचा मालक ती खूण वर्षवर्ष हात न लावतां तशीच ठेवतो. त्यास ती दांडी 'पुढें' आणि 'मागें' एवढ्यापुरतीच माहीत. जुन्या हातगिअरच्या ड्रायव्हरांचा नियम असा असे कीं ज्या गिअरवर घाट चढावा त्याच गिअरवर तो उतरावा, आणि तो गिअर उतार लागण्यापूर्वींच टाकलेला असावा. डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्या गाडीनें चढणाऱ्या गाडीस वाट द्यावी, असा वाहतुकीचा नियमहि आहे. अर्थात् उतरणाऱ्यानें केव्हांहि थांबूं शकण्याइतका वेग आवरलेला असला पाहिजे, हें त्यांत गृहीतच आहे. नव्या मालकास हें कोणी सांगितलेलें नसतें, कारण पेटी सर्व कांहीं करते अशी जाहिरात त्यानें वाचलेली असते.

विजेच्या गाडीनें या साऱ्या हिशेबास निराळें वळण दिलें आहे. १ जून २०२२ रोजीं एस्. टी. नें आपली 'शिवाई' ही विजेवरची बस सुरू केली, ती ज्या मार्गावर १९४८ सालीं पहिली बस धांवली होती त्याच पुणें-अहमदनगर मार्गावर. विजेचा मोटर थांबलेल्या स्थितींतहि पुरा जोर देतो, म्हणजे या बाबतींत तो इंजिनापेक्षां बैलाचा भाऊ. त्यामुळें क्लचचें प्रयोजनच उरत नाहीं. आणि उतारावर पाय उचलला कीं चाकेंच मोटरला फिरवितात, त्याची वीज होते आणि ती बॅटरींत परत जाते. अठरा लिटर पाणी उकळविणारी उष्णता ब्रेकांत जळण्याऐवजीं पुढच्या चढासाठीं बरीचशी शिल्लक पडते. मात्र माथ्यावर बॅटरी आधींच भरलेली असली तर तेथें आणखी वीज मावत नाहीं, आणि उतरणीचा भार पुन्हा ब्रेकांकडे येतो.

वरंध घाटांत पावसाळ्यांत दरडी सुटूं लागल्या म्हणजे जड वाहनांस रस्ता बंद होतो आणि लहान गाड्याहि कित्येकदां भोरासच थांबविल्या जातात. रस्ता खुला होतो तेव्हां डांबरावर माती व बारीक खडी पसरलेली असते, धुकें असतें, आणि वळणावर ब्रेक दाबला तर चाक घसरतें. त्या दिवसांत महाडकडे उतरणाऱ्यानें, पेटी हातगिअरची असो वा आपोआप चालणारी, वाघजाईच्या देवळापाशींच खालचा गिअर लावून घ्यावा. पुढील वळणावर त्याला तेवढी सवड मिळेलच असें नाहीं.